एजिस ऑथेंटिकेटर: खातं रिसेट झाल्यावर कामाला आलेलं अ‍ॅप

आधी तारे सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच. एजिस म्हणजे लॉगिन करताना पासवर्डनंतर लागणारा सहा आकडी कोड फोनवर दाखवणारं अ‍ॅप. अँड्रॉइडवर आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, ओपन सोर्स आहे (म्हणजे आतला प्रोग्रॅम कुणालाही तपासता येतो), प्ले स्टोअर आणि एफ-ड्रॉइड (ओपन सोर्स अ‍ॅप्सचं स्टोअर) दोन्हीकडे मिळतं. एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांनी टाकून घ्या आणि कामाला लागा. पण ज्यांचं एखादं खातं कंपनीनं नुकतंच रिसेट करून दिलंय आणि आता टू-फॅक्टर (पासवर्डवर आणखी एक कोडाचं कुलूप) परत लावायचंय त्यांनी जरा नीट वाचा, कारण मी त्यात एकदा नाही तीनदा आपटलोय.

झालं असं की मिरजेत मामांचं सतारी-तंबोऱ्यांचं दुकान आहे आणि त्याचं ऑनलाइन सगळं मी बघतो, म्हणजे फोटो टाकणं, ऑर्डरी, कुरिअरचं बिल, सगळं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हापासून बाहेरच्या चौकश्या जरा जास्तच येतात. ते ऑनलाइन दुकान ज्या कंपनीच्या पॅनलवर चालतं (नाव घेत नाही, उगाच कशाला) तिथे लॉगिनला टू-फॅक्टर लावलेलं होतं आणि कोड यायचा माझ्या फोनवरच्या एका जुन्या अ‍ॅपमध्ये. एका संध्याकाळी फोन पडला आणि गेला. डिस्प्ले बिस्प्ले नाही, आख्खा मेला, चार्जिंगचा दिवापण लागेना. अ‍ॅपचा बॅकअप मी कधी चालूच केला नव्हता, आणि रिकव्हरी कोड, म्हणजे फोन गेला तर आत जायचे राखीव कोड? ते घेतले होते ना! व्यवस्थित डाउनलोड करून ठेवले होते. त्याच फोनमध्ये.

हसा, मामापण हसले.

मग कंपनीला लिहिलं. त्यांनी खात्याच्या ईमेलवर एक लिंक पाठवली, मग शेवटच्या बिलाचा नंबर मागितला, मग जीएसटी सर्टिफिकेट, मग मामांचं ओळखपत्र, आणि मग सहा दिवस काहीच नाही. सहा दिवस मी शिव्या घालत होतो पण आता खरं सांगू का, बरोबर केलं त्यांनी. अर्ध्या तासात रिसेट करून दिलं असतं तर उद्या कुणीपण फोन करून 'मी मामा बोलतोय, माझा मोबाईल हरवला' म्हणालं असतं आणि खातं गेलं असतं. टू-फॅक्टरचा दरवाजा कितीही भक्कम करा, कस्टमर केअर मऊ असेल तर चोर तिकडूनच येणार. तर सातव्या दिवशी मेल आला की तुमचं दुसरं कुलूप काढलंय, आता लॉगिन करा आणि नवीन लावा.

इथे थांबून एक गोष्ट. रिसेट झाल्यापासून तुम्ही परत लावेपर्यंत खातं फक्त पासवर्डवर उभं असतं. म्हणजे 'करू रात्री जेवल्यावर' असं नाही चालत. मी मेल आल्या आल्या आधी पासवर्ड बदलला, मग बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट केलं, मग टू-फॅक्टर. आणि रिसेटची लिंक मेलमधून उघडण्यापेक्षा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून गेलो, कारण अशा वेळी आपण इतके उतावळे असतो की कुठल्याही 'व्हेरिफाय करा' बटणावर बोट जातं. कंपनीचा माणूस तो सहा आकडी कोड कधीच तोंडी मागत नाही, मागितला तर समोर कंपनी नाहीये.

आता अ‍ॅपकडे. नवीन फोन घेतला होता, जुनं अ‍ॅप परत टाकायची इच्छा नव्हती, ऑफिसातल्या एका पोरानं एजिस सांगितलं. टाकलं. पहिल्यांदा उघडलं की ते पासवर्ड ठेवायला सांगतं, आणि हा पासवर्ड म्हणजे नुसतं अ‍ॅपचं कुलूप नाही, आतली सगळी तिजोरीच त्याने एन्क्रिप्ट होते, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला वाचताच येत नाही. विसरलात तर कुणीही काढून देऊ शकत नाही, 'फरगॉट पासवर्ड' असं काही नाहीच कारण त्यांच्याकडे तुमचं काही जातच नाही. बोटाच्या ठशाने उघडायची सोय आहे, ती लावा, पण मग माणूस पासवर्ड विसरतो, म्हणून हे अ‍ॅप मधून मधून मुद्दाम पासवर्ड विचारतं की बाबा आठवतोय ना. पहिल्यांदा वैताग आला, नंतर म्हटलं नाही, हा प्रकार विचार करून केलाय.

पॅनलवर क्यूआर आला, स्कॅन केला, एजिसमध्ये ओळ आली, सहा आकडे, शेजारी कमी होत जाणारी पट्टी. तेवढ्यात मामांनी हाक मारली, चहा आला, परत आलो तर पान टाइमआउट. रिफ्रेश केलं, क्यूआर तसाच दिसतोय, मी म्हटलं स्कॅन तर झालंय आपलं, कोड टाकला. चूक. परत टाकला. चूक. तर भानगड अशी की पान परत उघडलं की बऱ्याच ठिकाणी नवीन क्यूआर बनतो, दिसायला तो सारखाच काळा-पांढरा चौकोन पण आतली किल्ली वेगळी. आधीचा स्कॅन बाद. माणसाच्या डोळ्याला दोन क्यूआरमधला फरक कळणारच नाही, त्यामुळे नियम सरळ ठेवा, पान रिफ्रेश झालं तर अ‍ॅपमधली ती नवी ओळ काढा आणि परत स्कॅन करा, आणि कोड टाकून 'झालं' असा शब्द पडद्यावर दिसेपर्यंत चहाला उठू नका. ही पहिली आपट.

मामांना हे सगळं बघून प्रश्न पडला. म्हणाले, "अरे पण हा आकडा येतो कुठून? रेंज तर नाहीये इथं." (दुकानाच्या मागच्या खोलीत खरंच रेंज नसते.) चांगला प्रश्न आहे आणि बहुतेकांना हेच माहीत नसतं म्हणून सांगतो. तो कोड कुठून येत नाही. क्यूआरमध्ये एक गुप्त किल्ली असते, ती एकदा स्कॅन केली की तुमच्या फोनमध्येपण आहे आणि कंपनीकडेपण आहे, मग दोघंही घड्याळ बघतात, किल्ली आणि वेळ एकत्र करून गणित करतात, दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड. दोन्हीकडे उत्तर एकच आलं पाहिजे. पद्धत बहुतेकांची एकच, २०११ साली तिचं मानक ठरलेलं आहे, म्हणून बहुतेक कंपन्यांचं खातं कुठल्याही ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये चालतं. एअरप्लेन मोडवर टाकून दाखवलं मामांना, कोड येतोच. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. तारीख-वेळ ऑटोमॅटिक वर ठेवा, हाताने दोन मिनिटं पुढे करून ठेवायची सवय असते काही जणांना (आमच्याकडे वडील, बस चुकू नये म्हणून), त्यांचा कोड कायम चुकीचाच येणार. तीसेक सेकंद मागेपुढे सर्व्हर सहसा चालवून घेतो, दोन मिनिटं नाही.

मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दोन तंबोरे एका सुरात लावलेत, मग एक मुंबईत नेला तरी सूर तोच." मी म्हटलं मामा, हो, अगदी तेच. "आणि रिसेट म्हणजे त्यांनी त्यांच्याकडच्या तारा उतरवल्या." हेपण तेच. मी दहा मिनिटं बडबडलो ते त्यांनी दोन वाक्यांत उरकलं.

आता दुसरी आपट, आणि ही खरी मोठी. नवव्या दिवशी सांगलीच्या मोबाईलवाल्याचा फोन आला, "दादा, तुमचा जुना चालू झालाय, बोर्डचं काम होतं." मला केवढा आनंद. जुन्या अ‍ॅपमध्ये चौदा खाती होती, त्यातली बाकीची तेरा अजून जिवंतच होती की, फक्त माझ्याकडे कोड नव्हते. जुन्या अ‍ॅपमधून सगळी एकदम क्यूआरने बाहेर काढता येत होती, ती एजिसमध्ये स्कॅन केली, दोन मिनिटांत चौदाच्या चौदा आत. इथे एजिस मस्त आहे, बऱ्याच वेगवेगळ्या अ‍ॅप्समधून आयात करतं.

पण त्या चौदांत दुकानाच्या पॅनलची जुनी ओळपण आली. आता एजिसमध्ये एकाच नावाच्या, एकाच ईमेलच्या दोन ओळी. दोन्हींवर दर ३० सेकंदांनी नवे आकडे, दोन्ही तितक्याच ऐटीत. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका बाईंची ऑर्डर रद्द करायची होती, घाईत वरची ओळ बघून कोड टाकला, चूक, परत, चूक, परत, आणि पॅनल म्हणालं की फार प्रयत्न झाले, थोड्या वेळाने या. माझ्या पोटात गोळा. वाटलं परत सहा दिवस.

रिसेट झाल्यावर जुनी किल्ली मेली. जुना फोन जिवंत झाला म्हणून ती जिवंत होत नाही. आणि मेलेली ओळ दिसायला जिवंत ओळीसारखीच दिसते, कारण अ‍ॅपला बिचाऱ्याला काय माहीत, ते नुसतं किल्ली आणि घड्याळ घेऊन गणित करतंय, पलीकडे कंपनीनं तारा उतरवल्यात हे त्याला कोण सांगणार. हे कुठल्याही अ‍ॅपमध्ये होईल, एजिसचा दोष नाही.

पण यातून बाहेर काढायला एजिसच कामाला आलं. एक तर प्रत्येक ओळीला नाव बदलता येतं आणि खाली टीप लिहिता येते, मी नव्याला 'रिसेटनंतर' लिहिलं. नवी कुठली ते कसं ओळखलं? ओळ संपादित करायला उघडली की आतली किल्ली बघता येते, आणि मी नवं लावताना ती किल्ली कागदावर लिहून घेतली होती (त्यावर येतोच). जुळवून बघितलं, झालं. पंधरावीस मिनिटांनी पॅनल उघडलं, खालच्या ओळीचा कोड टाकला, आत.

मग जुनी ओळ डिलीट करायला गेलो तर एजिस एक इशारा दाखवतं, की ही ओळ काढली म्हणजे त्या खात्यावरचं टू-फॅक्टर बंद होत नाही, तुमच्याकडे दुसरा मार्ग आहे ना याची खात्री करा. हे एक वाक्य मला वाटतं या अ‍ॅपमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, कारण किती जणांना मी बघितलंय, कोड कटकट वाटते म्हणून अ‍ॅपमधली ओळ उडवतात आणि समजतात कटकट गेली, मग रात्री अकराला फोन. मी जुनी ओळ लगेच काढली नाही. आधी ब्राउझरची खासगी खिडकी उघडून नव्या कोडने पूर्ण लॉगिन करून बघितलं, मूळ खिडकीतलं लॉगिन तसंच चालू ठेवून, म्हणजे काही फसलं तर एक पाय आत राहिला. मग काढली.

तिसरी आपट लहान आहे. जुने रिकव्हरी कोड. जुना फोन चालू झाल्यावर ती फाइलपण सापडली, मी लगेच छापून पाकिटात ठेवली, शहाणपणा केल्यासारखं. ते कोडही रिसेटमध्येच मेलेले. नवीन लावताना नवीन संच मिळतो तोच खरा. गुगलचं उदाहरण घ्या, तिथे दहा कोडांचा संच मिळतो, प्रत्येक एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की आधीचा सगळा बाद. म्हणून कागदावर तारीख घाला. माझ्याकडे दोन कागद होते, दोन्हींवर तारीख नव्हती, एक मेलेला आणि एक जिवंत, शेवटी दोन्ही फाडून तिसरा संच काढला.

किल्ली कागदावर लिहिण्याबद्दल. क्यूआरच्या खाली बहुतेक ठिकाणी 'स्कॅन करता येत नाही?' असं बारीक लिहिलेलं असतं, त्यावर दाबलं की इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची एक लांब ओळ येते. तीच किल्ली. ती लिहून ठेवली तर उद्या फोन विहिरीत पडला तरी कुठल्याही नव्या फोनमध्ये हाताने भरून तेच कोड परत सुरू, कंपनीच्या दारात जायलाच नको. लिहिताना लोकांना शून्य की ओ, एक की आय असा घोळ होतो, तर तो करू नका, त्या ओळीत ० आणि १ नसतातच, ८ आणि ९ पण नसतात, फक्त ए ते झेड आणि २ ते ७. म्हणजे गोल दिसतंय ते ओच. पण हा कागद म्हणजे खरी किल्ली आहे हे लक्षात ठेवा, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही. आमचा कागद मामांच्या लोखंडी तिजोरीत आहे, जिथे त्यांच्या वडिलांच्या हातचे जुने हिशेब आहेत त्या वहीत.

आणि क्यूआर पडद्यावर असतानाच दोन फोनवर स्कॅन करून घ्या, चालतं, दोन्हीकडे एकच कोड येतो. मी दुकानातल्या जुन्या टॅबवर पण केलं.

बॅकअपचं सांगतो कारण एजिस घ्यायचं खरं कारण तेच आहे. तिजोरीत काही बदल झाला की आपोआप फाइल बनवून तुम्ही सांगाल त्या फोल्डरमध्ये टाकतं, जुन्या किती प्रती ठेवायच्या तेही ठरवता येतं. फाइल एन्क्रिप्टेड, पासवर्डशिवाय उघडत नाही. मी महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घेतो. साधी, उघडी फाइलपण काढता येते पण ती काढू नका, म्हणजे काढायचीच असेल तर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाण्यापुरती, काम झालं की पुसा. माझं मत विचाराल तर ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये बघायची गोष्ट ही एकच, की आत घातलेलं बाहेर काढू देतं का. कोड तर सगळेच दाखवतात. ऑथी नावाचं एकेकाळी फार चालणारं अ‍ॅप आहे, त्यांनी २०२४ मध्ये कॉम्प्युटरवरची आवृत्ती बंद केली, आणि त्यातून किल्ल्या बाहेर काढायची सरळ सोय नव्हती, तेव्हा लोकांना एकेक खात्यात जाऊन परत लावत बसावं लागलं. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये २०२३ पासून गुगल खात्यात सिंक होतं, सोपं आहे, आईवडिलांसाठी ठीक, पण मग सगळं त्या एका गुगल खात्यावर टांगलेलं राहतं आणि तेच रिसेट झालं तर?

एसेमेसचं काय असं विचारणारे असतील. आपल्याला ओटीपीची सवय जुनी, रिझर्व्ह बँकेनं २००९ पासूनच ऑनलाइन कार्डाला दुसरी पायरी सक्तीची केली, त्यामुळे आपल्याकडे ओटीपी म्हणजेच एसेमेस असं डोक्यात बसलंय. काहीच नसण्यापेक्षा एसेमेस बरं. पण डुप्लिकेट सिम काढून फसवतात, रेंज नसली की बोंब, आणि माझा मावसभाऊ जर्मनीत आहे त्याचं इथलं सिम रिचार्ज न केल्यानं बंद पडलं तर त्याची निम्मी खाती अडकली. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला मिळतो हे तर त्याला माहीतच नव्हतं.

आता अर्धा तारा. एजिस आयफोनवर नाही, कॉम्प्युटरवर नाही, आणि दोन उपकरणांत आपोआप सिंक नाही. फोनवर नवं खातं घातलं की टॅबवर मला वेगळं घालावं लागतं. काही जण म्हणतील हीच तर त्याची ताकद, काही कुठे जातच नाही, मान्य, पण दुकानात दोन माणसं काम करत असतील तर कटाळा येतो. मामींचा आयफोन आहे, त्यांना मी एन्टे ऑथ टाकून दिलंय. तेही फुकट आणि ओपन सोर्स, सगळीकडे चालतं, सिंक होतं आणि सिंक होतानाही एन्क्रिप्टेडच राहतं. नाव मल्याळम आहे, 'एन्टे' म्हणजे 'माझं'. मामींना एजिसपेक्षा ते आवडलं, मला एजिस. आणि एजिस मुद्दाम स्क्रीनशॉट काढू देत नाही, सेटिंगमध्ये बदलता येतं, पण बदलू नका.

एवढ्यात मामांना शिकवून झालंय, ते आता स्वतः कोड टाकतात. पट्टी अर्ध्याच्या खाली गेली असेल तर टाकतच नाहीत, हात मांडीवर ठेवून नव्या आकड्याची वाट बघतात. माझं घरचं एकच काम राहिलंय, वडिलांचं शेअर ब्रोकरचं खातं अजून एसेमेसवर आहे आणि त्यांच्या फोनचं घड्याळ दोन मिनिटं पुढे. रविवारी बसतो दोन्ही घेऊन.